खोलीला दिवे किती? बिदर-कलबुर्गीच्या उजेडाचा हिशेब

दहा बाय बाराच्या खोलीला एक ट्यूब, हॉल असेल तर दोन, आणि स्वयंपाकघरात एखादा बल्ब जास्त. वायरमन आणि घरमालक यांच्यात हा हिशेब बहुधा उभ्या उभ्याच ठरतो. नवी शाळाखोली असो वा गावातील अभ्यासिका, छतावर किती जागा (म्हणजे वायरमनच्या भाषेत ‘पॉइंट’) काढायच्या, हे खोलीच्या लांबीरुंदीकडे पाहूनच ठरवले जाते. खोलीत कोण बसणार, काय पाहणार, भिंती कोणत्या रंगाच्या, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक दिव्यांची संख्या काढण्याचे एक साधे गणित आहे आणि ते सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल.

हे गणित समजून घेण्यासाठी कर्नाटकातील बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांसारखा दुसरा मुलूख नाही. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग असलेल्या या भागात भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत आजही मराठी घराघरांत बोलली जाते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. बिदरचे पठार जांभ्याचे आहे. गोव्याच्या वाचकाला चिऱ्याची भिंत परकी नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची करडी फरशी तर अर्ध्या दक्षिणेच्या पायांखाली आहे. तांबूस भिंत आणि करडी फरशी, दोन्ही उजेड गिळणाऱ्या. दिव्यांचा हिशेब चुकतो तो इथेच.

आधी दोन शब्दांचा उलगडा करायला हवा. दिव्यातून एकूण जितका प्रकाश बाहेर पडतो तो लुमेनमध्ये मोजतात. तो प्रकाश वहीवर, बाकावर किंवा फळ्यावर किती पडतो, हे लक्समध्ये मोजतात. एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन प्रकाश पडला की तो एक लक्स. वॅट हे केवळ विजेच्या खर्चाचे माप आहे. पूर्वी साठ वॅटचा पिवळा बल्ब साधारण सातशे लुमेन देत असे. आज नऊ वॅटचा एलईडी त्याहून अधिक देतो. तरीही आपण दुकानात जाऊन वॅटच मागतो. खोक्यावर लुमेनचा आकडा छापलेला असतो, तो वाचण्याची सवय अजून अंगवळणी पडलेली नाही.

किती लक्स हवेत, हे कामावर ठरते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ३६४६ या संहितेत सर्वसाधारण वर्गखोलीसाठी २००, ३०० आणि ५०० असे तीन आकडे दिलेले आहेत. नेहमीच्या परिस्थितीत मधला आकडा घ्यायचा. काम बारीक असेल किंवा पाहणाऱ्याची नजर कमजोर असेल तर वरचा.

आता एक वर्गखोली डोळ्यांपुढे आणू. सात मीटर लांब, सहा मीटर रुंद, म्हणजे सुमारे २३ फूट बाय २० फूट. क्षेत्रफळ ४२ चौरस मीटर. वहीवर ३०० लक्स हवेत, म्हणून ४२ गुणिले ३००, म्हणजे १२,६०० लुमेन वहीच्या पातळीवर पोचले पाहिजेत. बाजारातील वीस वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब साधारण २,००० लुमेन देते. सरळ भागाकार केला तर सात ट्यूब पुरतील असे वाटते.

पुरत नाहीत. ट्यूबमधून निघालेला सगळा प्रकाश वहीपर्यंत येत नाही. काही भिंतीवर आदळतो, काही छतावर जातो, त्यातील थोडा परत येतो आणि उरलेला रंगात, धुळीत मुरतो. जितका हिस्सा कामाच्या पातळीवर पोचतो त्याला उपयोग गुणांक म्हणतात. शिवाय नवी ट्यूब आणि दोन वर्षांनंतरची, जाळी-कोळिष्टकांनी भरलेली ट्यूब सारखा उजेड देत नाहीत. त्यासाठी दुसरा, देखभाल गुणांक. हव्या असलेल्या एकूण लुमेनला एका ट्यूबचे लुमेन, उपयोग गुणांक आणि देखभाल गुणांक यांच्या गुणाकाराने भागले की ट्यूबची संख्या मिळते. सूत्र एवढेच.

छत पांढरे आणि भिंतींना स्वच्छ चुना असेल तर अशा खोलीत उपयोग गुणांक साधारण ०.६ धरता येतो. वेळच्या वेळी पुसापुशी होत असेल तर देखभाल गुणांक ०.८. म्हणजे एका ट्यूबचे २,००० पैकी ९६० लुमेन कामाला येतात. १२,६०० भागिले ९६० म्हणजे १३.१, अर्थात १४ ट्यूब. आता तीच खोली उघड्या जांभ्याच्या भिंतींची, धुरकटलेल्या छताची आणि शहाबादी फरशीची असेल, वर्षानुवर्षे ट्यूबवरून फडके फिरले नसेल, तर दोन्ही गुणांक ०.४ आणि ०.७ पर्यंत घसरतात. एका ट्यूबचे केवळ ५६० लुमेन हाती लागतात. हिशेब २३ ट्यूबवर जातो. खोली तीच, मुले तीच. फरक नऊ ट्यूबचा, आणि तो मिटवायला पुरतो चुना आणि फडके. शाळेच्या खर्चाच्या वहीत रंगकाम आणि वीज ही दोन वेगळी पाने असतात. माझ्या मते ती एकच पान असायला हवीत.

हेच गणित उलटे करून पाहावे. त्याच अंधाऱ्या खोलीत छतावर दोनच ट्यूब असतील तर वहीवर पडणारा प्रकाश २७ लक्सच्या आसपास येतो, म्हणजे संहितेच्या सर्वात खालच्या आकड्याच्या सातव्या भागाएवढा. काना, मात्रा, अनुस्वार आणि रफार यांनी भरलेली आपली लिपी वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी हा फरक किरकोळ नाही. ‘मत’ आणि ‘मंत’ यांतील ठिपका दिसलाच नाही तर शुद्धलेखनाचा दोष मुलाच्या माथी का मारावा?

आणखी एक गोष्ट शहरी आराखड्यांत विसरली जाते. उपयोग गुणांक हा दिवा आणि वही यांच्यातील उंचीवरही अवलंबून असतो. त्यासाठी खोलीची लांबी गुणिले रुंदी करून, त्यास लांबी-रुंदीची बेरीज गुणिले ही उंची यांनी भागतात. येणाऱ्या आकड्याला कक्ष निर्देशांक म्हणतात. ट्यूब पावणेतीन मीटरवर आणि बाक पाऊण मीटर उंच असेल तर उंची दोन मीटर, निर्देशांक १.६. पण लहान वर्गांत मुले सतरंजीवर बसून, वही मांडीवर किंवा जमिनीवर ठेवून लिहितात. तेव्हा ही उंची अडीच मीटर होते आणि निर्देशांक १.३ वर येतो. उपयोग गुणांकही थोडा घटतो, ०.५५ धरला तर १४ ऐवजी १५ ट्यूब लागतात. बालवाडीला दिवे कमी पुरतात हा समज म्हणूनच खरा नाही.

व्यवहारात १४ ट्यूब नीट रांगेत बसत नाहीत. तीन रांगांत चार-चार अशा १२ बसवल्या तर २७४ लक्स मिळतात, तेवढे मला पुरेसे वाटते. दोन रांगांमधील अंतर दिवा-वही उंचीच्या दीडपटीहून अधिक नसावे, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे इथे तीन मीटरपर्यंत. सहा मीटर रुंदीत तीन रांगा घेतल्या की अंतर दोन मीटर आणि भिंतीपासून एक मीटर राहते. रांगा खिडकीला समांतर असाव्यात आणि प्रत्येक रांगेचे बटण वेगळे. दिवसा खिडकीकडची रांग बंद ठेवता येते. सगळ्या ट्यूब एकाच बटणावर असतील तर एक तर सगळ्या जळतात, नाही तर एकही नाही.

दिवसाच्या उजेडाचा प्रश्न निघालाच आहे तर कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामा मशिदीकडे वळावे लागते. १३६७ साली बांधलेली ही बहमनी काळातील वास्तू एका बाबतीत निराळी आहे. भारतातील मोठ्या मशिदींना मध्ये मोकळे आवार असते. इथे ते नाही. पूर्व-पश्चिम २१६ फूट आणि उत्तर-दक्षिण १७६ फूट, म्हणजे ३८,०१६ चौरस फूट जागा संपूर्ण आच्छादलेली आहे. मग आत उजेड यायचा कुठून? पश्चिमेची भिंत वगळता उरलेल्या तिन्ही बाजूंना रुंद कमानी मोकळ्या ठेवलेल्या आहेत आणि मुख्य घुमट उंच उचलून त्याखालून प्रकाश घेतला आहे. खिडकीतून येणारा उजेड साधारणतः खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दोन-अडीच पट अंतरापर्यंतच उपयोगी पडतो. एवढ्या रुंद वास्तूला केवळ कडेच्या कमानी पुरणाऱ्या नव्हत्या.

भारतीय संहिता दिवसाच्या उजेडाचा हिशेब करताना बाहेर ८,००० लक्स धरते. त्यातला एक टक्का आत पोचला तर ८० लक्स होतात. या मशिदीच्या साडेतीन हजार चौरस मीटर जागेत तेवढाच उजेड रात्री ट्यूबने करायचा म्हटले, तर उपयोग गुणांक ०.५ आणि देखभाल गुणांक ०.८ धरूनही साडेतीनशेच्या वर ट्यूब लागतील. या भागातील जुन्या माळवदाच्या घरांत छताला उजेडासाठी ठेवलेले साणे आणि कोकण-गोव्याच्या कौलारू छपरातील काचेचे कौल हे त्याच हिशेबातले. पावसाळ्यात आपल्याकडे भर दुपारी दिवे लावावे लागतात हे खरे. पण म्हणून वर्षाचे उरलेले आठ महिने खिडकीसमोर कपाट ठेवायचे का?

बिदर शहरात मात्र हे सगळे गणित एका वेगळ्या ठिकाणी अपुरे पडते. २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या बिदरी कामात जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचे भांडे ओतले जाते, त्यावर मोरचुदाचे पाणी लावून पृष्ठभाग तात्पुरता काळा केला जातो आणि त्या काळ्यावर छिन्नीने नक्षी कोरली जाते. मग त्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवायची. शेवटी किल्ल्यातील मातीच्या लेपाने धातू कायमचा काळा होतो. पांढऱ्या कागदावर ३०० लक्स पुरतात, कारण कागद बहुतेक प्रकाश परत पाठवतो. काळा धातू तो ठेवून घेतो. त्यात कारागीर साठीचा असेल, तर विशीतील डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाशच त्याच्या नेत्रपटलापर्यंत पोचतो.

अशा कामाला ७५० लक्स धरू. चार बाय तीन मीटरच्या कारखान्यात ते छतावरून द्यायचे तर ९,००० लुमेन खाली पोचले पाहिजेत, वरचेच ०.५ आणि ०.८ हे गुणांक घेतले तर १२ ट्यूब लागतील. लहान खोलीत बारा ट्यूब म्हणजे डोळ्यांवर झगझग आणि अंगावर वीजबिल. त्याऐवजी खोलीला १५० लक्सपुरत्या तीन ट्यूब ठेवाव्यात आणि प्रत्येक कारागिरापाशी टोपी असलेला एक दिवा द्यावा. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. ८०० लुमेनचा बल्ब टोपीखाली, प्रकाश फक्त खालच्या बाजूला पसरेल असा लावला, तर चाळीस सेंटिमीटरवर सुमारे ८०० लक्स पडतात. तोच बल्ब दोन मीटरवर टांगला तर ३२. दिवा समोरून नव्हे, बाजूने तिरका लावावा. तेव्हाच कोरलेल्या रेघेच्या एका काठावर सावली धरते आणि खोली नजरेत येते. उजव्या हाताने छिन्नी ठोकणाऱ्यासाठी दिवा डावीकडे हवा, नाही तर हाताचीच सावली नक्षीवर येते. शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईला आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्यालाही हेच लागू पडते.

दिवे बसवून झाल्यावर हिशेब पडताळून पाहता येतो. लक्समापक यंत्र वहीच्या उंचीवर आडवे ठेवून, संध्याकाळनंतर, खोलीच्या निदान नऊ ठिकाणी आकडे घ्यावेत आणि सरासरी काढावी. सर्वांत कमी आकडा सरासरीच्या ०.८ पटीहून खाली नसावा. तो नेहमी कोपऱ्यातल्या बाकावरच सापडतो. मोबाइलमधील ॲप या मोजणीसाठी वापरू नये. दोन फोन एकाच टेबलावर ठेवले तर दोन वेगळे आकडे सांगतात.