कुत्र्याचा कान दुखतो तेव्हा

वस्तीतले कुत्रे सारखे डोके झटकते, मागच्या पायाने कान खाजवते. आपण म्हणतो, पिसवा झाल्या असतील. चार दिवसांनी एखादे मूल लाडाने कानाला हात लावते आणि ते चावते. मग "कुत्रं चावरं झालं" म्हणून काठ्या निघतात. खरे तर त्याचा कान ठणकत असतो.

कसे ओळखावे? निरोगी कानाला घाण वास येत नाही. कान लाल, गरम, सुजलेला दिसला, कुबट वास आला, पिवळा पू किंवा तपकिरी मळ दिसला, तर कान बिघडला असे समजावे. चहाच्या भुकटीसारखा काळा मळ बहुधा बारीक किड्यांमुळे होतो; ते शेजारच्या कुत्र्या-मांजरांनाही लागतात. मान एका बाजूला कलली, तोल जाऊ लागला, तर दुखणे आतल्या कानापर्यंत गेलेले असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. त्या वळणावर पाणी आणि मळ अडकतो, ओलाव्यात बुरशी व जिवाणू वाढतात. म्हणून पावसाळ्यात, विशेषतः लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना हा त्रास जास्त होतो.

घरात पहिला हात जातो लसणाच्या गरम तेलाकडे. तेल, हळद, रॉकेल, फिनेल किंवा माणसाच्या कानाचे थेंब, काहीही घालू नये. काडीने मळ कोरू नये. आतला पडदा फाटलेला असेल तर चुकीच्या औषधाने कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. डॉक्टर आधी पडदा पाहतात आणि मगच औषध ठरवतात. आपण ज्याला गुरांचा दवाखाना म्हणतो, त्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रीही तपासतात. खाज थांबली तरी सांगितलेले सर्व दिवस औषध घालावे. अर्धवट सोडले तर दुखणे उलटते.

दुखऱ्या कुत्र्यापासून मुलांना लांब ठेवावे. त्याच्या ओळखीच्या मोठ्या माणसानेच त्याला न्यावे. कुत्रे चावलेच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

आपण रोज वंदनेत पहिले शील म्हणतो. दारातल्या मुक्या जिवावर काठी उगारण्याआधी त्याचा कान पाहणे, हेही त्या शीलाचेच पालन आहे.