एका पट्टीत दोन पिढ्या : पनवेल परिसरातील सामूहिक गायन

ज्या संगीतात गाणारा आणि ऐकणारा अशी कायमची वाटणी नसते, जमलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला गाण्यातले काही ना काही काम येते आणि ते काम मिळण्यासाठी वयाची किंवा तयारीची फारशी अट नसते, त्याला सामूहिक संगीत म्हणता येईल. शाळकरी मुले आणि वृद्ध माणसे यांनी असे संगीत एकत्र करावे म्हणून गेल्या काही दशकांत जगात ठिकठिकाणी मुद्दाम प्रयत्न सुरू झाले. टोकियोतील कोतोएन या संस्थेने १९७६ पासून वृद्धनिवास आणि बालवाडी एकाच छताखाली चालवून दाखवली, हे त्यांतले एक ठळक उदाहरण होय. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात मात्र अशी व्यवस्था मुळापासून उभारण्याची गरज नाही, कारण ती भजनी मंडळाच्या रूपाने गावोगावच्या देवळांत आजही नांदते आहे. तिच्याकडे शिक्षणाची व्यवस्था म्हणून कोणी पाहत नाही, एवढीच काय ती उणीव आहे.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे देशातील जुन्या नगरपालिकांपैकी एक, आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईसाठी भूसंपादन केल्यावर भातशेती आणि मिठागरे यांच्या जागी खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल अशा वसाहती उभ्या राहिल्या, आणि पुढे विमानतळासाठी काही गावे मुळासकट उठून नव्या जागी वसली. या उलथापालथीत जुन्या आगरी, कोळी, कराडी वस्त्या, डोंगरालगतच्या ठाकर व कातकरी वाड्या आणि घाटावरून, तळकोकणातून किंवा परप्रांतातून आलेली कुटुंबे एकमेकांच्या शेजारी आली. पण ज्या अंगणात आजी आणि नात सहज एकत्र बसत, ते अंगण पुष्कळांच्या वाट्याला राहिले नाही. मुले शाळा आणि शिकवणी यांत गुंतली, वृद्ध मंडळी विरंगुळा केंद्रात किंवा सोसायटीच्या बाकावर आपल्याच वयाच्या माणसांत राहिली. दोन्ही वयांची माणसे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कामासाठी एकत्र बसतात अशा ज्या थोड्या जागा उरल्या, त्यांत भजनाची बैठक ही सर्वांत भक्कम जागा आहे.

या बैठकीची रचना नीट पाहिली, तर शिकण्याच्या दृष्टीने ती किती विचारपूर्वक घडत आलेली आहे हे लक्षात येते. मधोमध पेटीवर बुवा, म्हणजे मुख्य गायक, त्याच्या शेजारी पखवाजवादक आणि दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा असतात. बुवाने अभंगाचे चरण म्हणायचे आणि रांगांनी ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, उचलायची. सात-आठ वर्षांचे मूल रांगेच्या टोकाला टाळ घेऊन बसते तेव्हा त्याच्याकडून अभंग पाठ असण्याची अपेक्षा नसते. त्याने भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत आपला ठोका जागेवर पाडायचा असतो. काशाच्या त्या दोन वाट्या केव्हा मोकळ्या वाजू द्यायच्या आणि केव्हा एकमेकींवर दाबून त्यांचा नाद तोडायचा, हे त्याला कोणी पाटीवर लिहून देत नाही, शेजारच्या आजोबांच्या हाताकडे पाहूनच ते उमगते. गजराला, म्हणजे नामघोषाच्या भागाला, लय वाढू लागली की मुले हमखास पुढे पळतात आणि जुना टाळकरी नुसत्या मानेने किंवा डोळ्यांनी त्यांना मागे खेचतो. लय वाढवायची, पण सुटू द्यायची नाही, हा धडा एकट्याने सराव करून मिळत नाही. काही बैठकींत एकाच बुवाने सारे भजन न गाता गायक पाळीपाळीने एकेक अभंग म्हणतात, त्या प्रकाराला या भागात चक्री भजन म्हणतात. पहिल्यांदाच एकट्याने अभंग म्हणणाऱ्या मुलाला चक्रीइतकी निर्धास्त जागा मिळणे कठीण, कारण चूक झाली तरी तीस-चाळीस गळे पुढच्याच आवर्तनाला ध्रुपद उचलून त्याला सावरून घेतात.

पखवाजाचे काम तर हातातून हातातच जाते. पखवाजाच्या उजव्या तोंडावर शाई कायमची बसवलेली असते, डाव्या तोंडाला मात्र प्रत्येक बैठकीआधी मळलेली कणीक लावावी लागते. तिच्या वजनाने त्या तोंडाचा नाद खाली उतरतो आणि त्याला घुमारा येतो. कणीक सैल झाली तर धरत नाही, घट्ट झाली तर आवाज बसका होतो, आणि बैठक लांबली की ती वाळू लागते, म्हणून मध्येच पाण्याचे बोट फिरवावे लागते. ही कणीक मळणे, थापणे आणि भजन संपल्यावर खरवडून काढणे ही कामे बहुधा मुलांकडे येतात. त्यानंतर पखवाजाच्या चामडी वाद्यांखालचे, म्हणजे पट्ट्यांखालचे, लाकडी गठ्ठे हातोडीने सरकवून उजवे तोंड पेटीच्या स्वराला मिळवायचे, हे काम थोड्या मोठ्या मुलाला दिले जाते. वाद्यावर बोल काढण्याआधीच मुलाचा कान अशा रीतीने तयार झालेला असतो. संगीताच्या वर्गात पहिल्या दिवशी वाद्य मुलापुढे तयार ठेवलेले असते. इथे ते तयार करण्यापासून शिक्षण सुरू होते, आणि हीच पद्धत अधिक सखोल आहे, असे म्हणावे लागेल.

दोन पिढ्यांनी एकत्र गाण्यात खरी अडचण येते ती पट्टीची, म्हणजे गाण्याचा षड्ज कोणत्या स्वरावर धरायचा याची. आजोबांच्या वयाच्या पुरुषांना सोयीची असलेली काळी एक ही पट्टी मुलांना सहसा जाचक होत नाही, कारण ती त्याच षड्जाच्या वरच्या सप्तकात आपोआप गाऊ लागतात आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. अडते ते आजींबरोबर गाताना. वय वाढले की स्त्रियांचा आवाज खाली उतरतो. तरुणपणी काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीला काळी तीन किंवा त्याहून खालची पट्टी बरी वाटू लागते. त्या षड्जापर्यंत मुलांचा आवाज पोहोचत नाही, आणि सप्तक बदलून गावे तर चाल फार उंच जाते. यावरचा उपाय चालीच्या निवडीत आहे. ओवी, फेराची गाणी आणि धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, यांच्या चाली बहुतेक पाच-सहा स्वरांतच फिरतात, त्यामुळे पट्टी दोन-तीन स्वरांनी वर घेतली तरी आजीला त्रास होत नाही आणि नातवंडांनाही सूर सापडतो. बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो, तेव्हा त्यांना गाण्याचा आग्रह न करता टाळ किंवा पखवाज द्यावा, म्हणजे बैठकीतली त्यांची जागा सुटत नाही. ध्वनिवर्धकाचा मोह आवरणेही तितकेच आवश्यक आहे. वृद्धांचे कान आधी उंच स्वरांना मंद होतात, आणि घुमवलेल्या कर्कश आवाजात त्यांना शेजारच्याचा गळा तर सोडाच, स्वतःचाही ऐकू येत नाही.

भजनाच्या या व्यवस्थेत एक मोठी उणीव दीर्घकाळ राहिली, ती मुलींच्या बाबतीत. देवळातील मुख्य बैठक पुरुषांची आणि स्त्रियांचे भजन दुपारचे, अशी विभागणी अनेक गावांत रूढ होती. त्यामुळे आजोबा-नातू ही जोडी जशी घडली, तशी आजोबा-नात घडली नाही. महिला भजनी मंडळांनी ही कोंडी बऱ्याच अंशी फोडली असून, मे महिन्यातील वारकरी बालसंस्कार शिबिरांत आता मुलीही टाळ-मृदंग शिकतात. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिथपासून आलेल्या शिक्षणाच्या ओघाला हे वळण फार आधी मिळायला हवे होते.

भजन आज टिकून आहे, पण या भागातील दुसरा एक ठेवा वेगाने ओसरतो आहे. आगरी, कोळी आणि कराडी समाजांच्या लग्नात धवलारीण ही वयस्क स्त्री गाण्यांतून विधी चालवते. मांडव, उंबर, हळद, देवक अशा प्रत्येक विधीला तिचा स्वतंत्र धवला असतो आणि कोणत्या क्षणी काय करायचे हे त्या गाण्यातूनच सांगितले जाते. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने रचलेले धवळे हे याच लग्नगीतांच्या जातीचे असून तिला मराठीतील आद्य कवयित्री मानले जाते, यावरून या प्रकाराचे वय ध्यानात यावे. धवल्याला वाद्य लागत नाही, पोथी लागत नाही. शेजारी बसून ओळ झेलत झेलत तो शिकायचा असतो. बँजो पथक आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती यांच्यापुढे तो गळा ऐकू येईनासा झाला आणि ओळ झेलणारी तरुण मुलगीही शेजारून उठून गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या कामाचे मोल कितीही मोठे मानले तरी थोडेच. तरीही नोंदवलेले गाणे जपले जाते आणि गळ्यातून गळ्यात गेलेले गाणे चालू राहते, हा फरक उरतोच. म्हणून धवलारणीच्या गाण्याची नोंद करण्यासाठी वहीसोबत चार मुलीही तिच्यापाशी बसायला हव्यात.

एकत्र गाण्याने माणसांत काय घडते, याचा अभ्यास अलीकडे शास्त्रीय पद्धतीनेही झाला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाणे, हस्तकला आणि लेखन यांच्या प्रौढवर्गांची तुलना केली होती. शेवटी तिन्ही गटांत जवळीक सारखीच झाली, पण गाणाऱ्यांमध्ये ती फार लवकर निर्माण झाली. अपरिचित मुले आणि वृद्ध यांना एकत्र आणताना पहिली भेटच सर्वांत अवघड असते, त्यामुळे हा निष्कर्ष इथे विशेष उपयोगाचा ठरतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ जीन कोहेन यांनी २००६ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील पासष्ट वर्षांवरील समूहगायकांविषयी जे निष्कर्ष मांडले, त्यांत या गटाचे डॉक्टरांकडे जाणे, पडणे आणि एकटेपणा हे सारे तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळले होते. यावरून गाण्याला औषध ठरवणे घाईचे होईल, पण आठवड्यातून एकदा घराबाहेर पडण्यासाठी आणि आपली वाट पाहणारे कोणीतरी आहे हे जाणवण्यासाठी ते पुरेसे कारण आहे.

शाळांना यासाठी नवा नियम किंवा निधी लागत नाही. १९८० च्या दशकात एनसीईआरटीने देशभरातील शिक्षकांना अनेक भाषांतील समूहगीते शिकवण्याची मोहीम चालवली, तिचा उद्देश मुलांनी एकत्र गावे हा होता. तिला वृद्धांची जोड द्यायची राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवण्यासाठी बोलवावे असे सांगितले आणि सहावी ते आठवीच्या टप्प्यात दप्तराविना दहा दिवसांची सोय सुचवली, तर राज्यात २०२४ पासून आनंददायी शनिवार हा उपक्रम आला. एवढ्या मोकळ्या वेळात गावचे भजनी मंडळ सहज मावते. मात्र वृद्धांना पाहुणे म्हणून बोलावून शाल-श्रीफळ देणे आणि मुलांनी त्यांच्यापुढे बसवलेले समूहगीत म्हणून दाखवणे, या रूढ कार्यक्रमाने हेतू साधत नाही, कारण त्यात दोन्ही पिढ्या आलटून पालटून प्रेक्षकच होतात. वृद्धांना शिकवायचे काम आणि मुलांना बैठकीतले काम मिळाले, तरच ते सामूहिक संगीत होते.

सरकारी शाळेत सर्व धर्मांची मुले असतात, म्हणून गाण्यांची निवडही रुंद हवी, आणि त्यासाठी पनवेलला लांब जावे लागत नाही. या शहरात १८४९ साली बांधलेले बेने इस्रायली या ज्यू समाजाचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आहे. या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलातील कथांवर मराठी कीर्तने रचली आणि इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या मराठी वृद्ध स्त्रिया ती आजही एकत्र जमून गातात. भातलावणीची गाणी, गौरीच्या फेराची गाणी, कोळीगीते, ठाकरवाडीतील नाचाची गाणी यांपैकी प्रत्येक प्रकार जाणणारे कोणी ना कोणी तालुक्यातल्या शाळांच्या आसपास राहते, आणि ते मुलांच्याच आजी-आजोबांपैकी असण्याचा संभव मोठा आहे.

तेव्हा तालुक्यातील मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी येत्या वर्षातील काही शनिवार यासाठी राखून ठेवावेत आणि पहिले बोलावणे धवलारणीला पाठवावे. भजनी मंडळ पुढच्या वर्षीही भेटेल. धवल्यांच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही.