नसलेल्या पोर्टातून जाणारी अक्षरे

मी लोंढ्याचा. गाडीने बेळगाव गाठतो आणि उद्यमबागेतल्या जुन्या सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या, मशिनांची देखभाल करतो. त्यांना प्रोग्राम मिळतो तो सिरीयल पोर्टमधून. आरएस-२३२ हे त्याचे प्रमाण १९६० सालचे. तारेतून बिट एकामागून एक जातात. नव्या लॅपटॉपला तसले सॉकेटच नाही, आणि प्रोग्राम पाठवणारे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालते.

म्हणून लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात एक्सपीचे आभासी यंत्र चालवतो. आतले यंत्र गेस्ट, बाहेरचा लॅपटॉप होस्ट. एक्सपी सिरीयल पोर्टच्या ३एफ८ या ठरलेल्या पत्त्यावर अक्षर लिहितो. तिथे पोर्टची चिप नसतेच. व्हर्च्युअलबॉक्स ते अक्षर वरच्या वर झेलतो आणि होस्टकडे सोपवतो. पुढे ते यूएसबीच्या केबलमधून मशिनकडे जाते, नाहीतर नेम्ड पाइपमधून, म्हणजे दोन प्रोग्रामांना जोडणाऱ्या आभासी नळीतून, होस्टवरच्याच दुसऱ्या प्रोग्रामकडे.

घोळ होतो तो बहुधा पॅरिटीत, म्हणजे अक्षर बरोबर पोचले का ते तपासायला जोडलेल्या जादा बिटात. मशिनला सात बिट आणि इव्हन पॅरिटी हवी असते, इकडे आठ बिट ठेवले की पडद्यावर नुसता कचरा उमटतो. केबल बदलण्याआधी हे तपासा, असे मी सगळ्यांना सांगतो.

मला या पोर्टचे खरे मोल वाटते ते वेगळ्याच कामी. एखाद्या दुसऱ्या गेस्टमधले लिनक्स सुरू होतानाच कोसळले, पडदा काळा, नेटवर्क उठलेच नाही, तरी लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, निरोप इकडे पाठवायला आधी सांगून ठेवले असेल तर त्याचे शेवटचे निरोप या पोर्टमधून होस्टवरच्या फाइलीत उतरलेले असतात. क्लाउडवरच्या सर्व्हरांनाही सिरीयल कन्सोल ठेवतात तो याचसाठी.