गायकवाडी कशी रंगवावी

मराठी इतिहासग्रंथांतले नकाशे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत सुधारले की बिघडले, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. कागद सुधारला, छपाई सुधारली, रंग तर फारच सुधारले. रेषा बिघडली.

शिळाछापाचा आणि ठोकळ्यांचा काळ मी ओलांडून जातो. त्यावर हौसेनं लिहिणारे पुष्कळ आहेत आणि तेच ते किस्से दर दिवाळीला येतात. मी हात घातला तेव्हा काम ट्रेसिंग पेपरवर चाले. मूळ नकाशा खाली चिकटवायचा, वर गेटवेचा कागद ताणायचा आणि रोट्रिंगच्या पेनानं हद्द उतरवायची. प्रत्येक रंगासाठी वेगळा कागद, चार कोपऱ्यांत जुळणीच्या फुल्या. चुकलं की ब्लेडनं खरवडायचं, आणि एका जागी दोनदा खरवडलं की कागदाला भोक. त्यामुळे शाई टेकवण्याआधी माणूस विचार करी. ही रेघ नदीची की शिवेची? नदीची असेल तर पात्राच्या मधून जाते की काठानं? हा विचार करण्याची सक्ती साधनानंच केलेली होती.

मग संगणक आला. इलस्ट्रेटर 1987 चं, कोरलड्रॉ 1989 चं. आपल्याकडे छापखान्यांनी कोरलच उचललं, ते आजतागायत सुटलेलं नाही. बडोद्यात रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात कुठल्याही डीटीपीवाल्याकडे फाइल घेऊन जा, पहिलं वाक्य तेच: ‘कर्व्ह करून आणलंय ना?’ ज्या वक्ररेषेवर हे सगळं उभं आहे ती रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांच्या नावानं ओळखली जाते. मोटारीच्या पत्र्याचा बाक गणितात बसवण्यासाठी ती वापरात आली, आणि आम्ही तिनं खंबातच्या आखाताचा किनारा काढतो. इंकस्केप 2003 मध्ये आलं, तेही फुकट. तेव्हापासून मी त्यात काम करतो. कोरलवरून येणाऱ्यांना एक सूचना: तिकडे कंट्रोल-एल दाबलं की आकृत्या जोडल्या जातात, इथं तीच कळ दाबली की रेषेतले नोड गाळून ती गुळगुळीत केली जाते. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकानं एकदा तरी सौराष्ट्राचा किनारा असा इस्त्री करून ठेवलेला आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो.

नकाशात रंग भरणं खरोखर किती अवघड असतं हे पाहायचं असेल तर गायकवाडांचं बडोदे संस्थान रंगवून बघावं. क्षेत्रफळ सुमारे आठ हजार चौरस मैल, म्हणजे फार मोठं नाही. पण ते एका जागी नाही. कडी प्रांत अहमदाबादच्या उत्तरेला: पाटण, सिद्धपूर, वडनगर, विसनगर. बडोदे प्रांत मध्ये. नवसारी प्रांत सुरतेच्या अंगानं, त्यात व्यारा आणि गायकवाडांचं जुनं ठाणं सोनगड. अमरेली प्रांत थेट काठियावाडात, आणि तोही तुकड्यातुकड्यांत: अमरेली एकीकडे, कोडिनार दक्षिण किनाऱ्यावर जुनागडच्या मुलखानं वेढलेलं. द्वारका आणि बेट असलेलं ओखामंडळ तर पश्चिमेच्या टोकाला. ते 1817 मध्ये गायकवाडांकडे आलं. बडोद्याहून मेहसाण्याला निघालेला दरबारचा कारकून वाटेत इंग्रजी मुलूख ओलांडून जाई. इम्पीरियल गॅझेटियरच्या नकाशांत इंग्रजी मुलूख गुलाबी आणि संस्थानं पिवळी. त्या नकाशात गुजरात पाहिला की गोधडी अंथरल्यासारखा दिसतो.

या गोधडीतला सगळ्यात बारीक टाका चरोतरात आहे, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिथंच गेला. पेटलाद, सोजित्रा, वसो, धर्मज, भादरण ही गायकवाडी. नडियाद, करमसद, बोरसद, आणंद खेडा जिल्ह्यातली, म्हणजे इंग्रजी. जात तीच, सोयरीक तीच, तंबाखूचं पीक तेच. हद्द मात्र शेताच्या बांधावरून वळणं घेत जाते. जुनं तालुकापत्रक स्कॅन करून अर्धपारदर्शक करावं, थर कुलूपबंद करावा, आणि बेझिए पेन हातात घ्यावं. स्कॅनवर घडीची खूण असते, तिथं कागद ओढला गेलेला असतो. म्हणून आधी अक्षांश-रेखांशांची जाळी सरळ करून घ्यायची, मग हद्दीला हात लावायचा. नोड कुठं टाकायचा? जिथं हद्द खरोखर वळते तिथं. गावाची शीव जिथं दुसऱ्या गावाच्या शिवेला मिळते त्या तिठ्यावर नोड हवाच. मधल्या सरळ भागात एकही नको. महीच्या काठाला मात्र कंजुषी चालत नाही. तिथली कोतरं पाण्यानं चिरलेली, त्या दातऱ्या कडेला नोड द्यावेच लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मला एका विद्वानांनी विचारलं होतं. वाचकाला अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे कळणार आहे का, म्हणे. त्यांना माझं उत्तर असं: 1930 च्या सत्याग्रहात बारडोलीच्या आणि खेडा जिल्ह्याच्या कितीतरी शेतकऱ्यांनी जप्ती आणि पोलिसांच्या जुलमामुळे गाव सोडलं आणि गायकवाडी हद्दीतल्या गावांत जाऊन तळ ठोकला. बारडोलीच्या भोवती पलसाणा, महुवा, व्यारा असा नवसारी प्रांताचा मुलूख पसरलेला, म्हणूनच हे शक्य झालं. शीव ओलांडली की इंग्रजी फौजदाराचा अंमल संपला. सत्याग्रहाच्या पुस्तकात ही हद्द नसलेला नकाशा छापला तर ती माणसं गुरंढोरं घेऊन नेमकी तिथंच का गेली हे वाचकाला कळणार कसं?

तंत्राचा मुद्दा एकच आहे आणि तो मी वर्षानुवर्षं घोकतो आहे: सामाईक हद्द एकदाच काढायची. बहुतेक जण पेटलादची आकृती पूर्ण गिरवतात, मग बोरसदची पूर्ण गिरवतात. हात दोनदा तसाच चालत नाही. दोन रंगांच्या मध्ये कुठं पांढरी फट, कुठं एकावर एक चढलेली कड. पडद्यावर दिसत नाही, ऑफसेटवर चार रंगांची जुळणी केसभर सुटली की लख्ख दिसते. त्यापेक्षा सगळ्या हद्दी आधी नुसत्या रेघा म्हणून काढाव्यात, तिठ्यावर एकमेकींना पक्क्या जोडाव्यात, आणि त्यांच्यातून प्रदेश बांधावेत. गायकवाडी मुलखाच्या पोटात परक्या गावाचं बेट असेल तर दोन्ही आकृत्या एकत्र करून भराईचा नियम सम-विषम ठेवावा: आतल्या बिंदूपासून बाहेर जाणारी रेघ हद्दी जितक्या वेळा ओलांडते ती संख्या विषम असेल तर रंग, सम असेल तर मोकळं. वरून पांढरा ठिपका चिकटवणारे आहेत. खालचा रंग बदलला की त्यांची पंचाईत होते.

आणि रंगाची बादली? इंकस्केपची बादली पडद्यावर दिसणारे ठिपके पाहून भरते. लांबून ओतली तर कडा बोथट, जवळून ओतली तर बरी. एकाच नकाशात दोन अंतरांवरून ओतलेले रंग मला ओळखू येतात. आपोआप गिरवणाऱ्या सोयीचं तर बोलूच नये. ती हद्द, रेल्वे, नदी आणि चहाचा डाग यांत भेद करत नाही.

गणितातही गंमत आहे. चार रंगांत कुठलाही नकाशा रंगवता येतो हे 1976 मध्ये अपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीनं सिद्ध केलं, आणि तेव्हापासून जो तो ते ऐकवतो. पण ती हमी सलग प्रदेशांपुरती आहे. पर्सी हीवुडनं 1890 मध्येच दाखवलं होतं की प्रत्येक राज्याचे दोन-दोन तुकडे असतील आणि दोन्हींना एकच रंग द्यायचा असेल तर बारा रंगांपर्यंत पाळी येऊ शकते. तुकडे वाढले की आकडा सहाच्या पटीत वाढतो. प्रत्यक्ष गुजरात पाच-सहा रंगांत बसतो, पण चार रंगांचा मंत्र म्हणणाऱ्यानं आधी काठियावाड रंगवून दाखवावा.

माझं खरं भांडण मात्र वेगळ्या पंथाशी आहे. मराठी राज्याच्या नकाशात अटकेपासून तंजावरपर्यंत एक सपाट भगवा ओतणारा हा पंथ. 1758 ला आपले लोक अटकेला पोचले हे खरं, पण पोचणं आणि वसुली आणि अंमल या तीन गोष्टी आहेत. एकाच रंगात तिन्ही बुडवल्या की नकाशा नव्हे, फलक होतो. अहमदाबादच घ्या. 1753 मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी ते घेतलं आणि वसूल पेशवे व गायकवाड यांच्यात वाटला गेला. तिथं कुठला रंग भराल? मी दोन रंगांच्या तिरप्या रेघा वापरतो. चौथाईच्या मुलखाला नुसत्या विरळ रेघा, सरंजामाला दाट, प्रत्यक्ष अंमलाला भरीव रंग. यावर एका प्रकाशकानं कळवलं की रेघांनी पान ‘अशक्त’ दिसतं. त्यांच्या ऑपरेटरनं सगळा काठियावाड गायकवाडांना देऊन टाकला, वर सोनेरी छटाही चढवली. पुस्तकाला पुरस्कार मिळाला.

रियासतकार सरदेसाई बडोद्यातच सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. एलियट यांचं बडोद्याचं गॅझेटियर 1883 चं, देसाई-क्लार्क यांचे दोन खंड 1923 चे. सामग्री नाही असं म्हणायची सोय बडोदेकरांना नाही. तरी हल्ली करतात काय? आजच्या जिल्ह्यांच्या तयार फाइली उतरवून घेतात आणि त्यांवर 1900 साल लिहितात. छोटा उदेपूर, देवभूमी द्वारका, गीर सोमनाथ हे जिल्हे 2013 चे. सयाजीराव महाराजांच्या राज्याला त्यांच्या कडा लावलेला नकाशा मी गेल्याच वर्षी एका देखण्या ग्रंथात पाहिला. अमरेलीची तर वेगळीच कथा. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा अमरेलीही मुंबईचा जिल्हा झाली आणि 1956 पर्यंत सौराष्ट्र राज्याच्या पोटात मुंबईचे तुकडे राहिले. तो सात वर्षांचा नकाशा मराठी पुस्तकात मला आजवर दिसलेला नाही.

बडोद्याचं माझं काम आता बऱ्यापैकी उरकलं आहे. सध्या टेबलावर सांगली संस्थान आहे: मिरज प्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, बेळगावला खेटून शहापूर आणि खाली धारवाडकडे शिरहट्टी. सहा तालुके, आज दोन राज्यांत विखुरलेले. तेरदाळ आणि शिरहट्टीच्या शिवा दाखवणारी जुनी तालुकापत्रकं कोणा वाचकाच्या माळ्यावर असतील तर संपादकांकडे कळवावं. घडी पडलेली असली तरी चालतील, लॅमिनेशन केलेली मात्र नकोत. स्कॅनरवर चकाकतात.