नावाने धोत्रा, कुळाने अफू

हिवाळा सुरू झाला की रस्त्यांच्या कडेला, रेल्वेरुळांलगत, नदीच्या कोरड्या पात्रात आणि पडीक रानात निळसर हिरव्या पानांचे व पिवळ्या फुलांचे जे काटेरी रोप माजते, त्याला महाराष्ट्रात पिवळा धोत्रा, फिरंगी धोत्रा किंवा बिलायत म्हणतात. यांपैकी ‘फिरंगी’ हे विशेषण यथार्थ आहे, कारण हे तण मूळचे मेक्सिकोच्या बाजूचे असून लिनियसने १७५३ मध्ये दिलेल्या ‘अर्जिमोनी मेक्सिकाना’ या शास्त्रीय नावातही तो देश आहे. ‘धोत्रा’ हे नाव मात्र फसवे आहे, कारण खऱ्या धोत्र्याशी त्याचे साम्य काटेरी बोंडापुरतेच असून कुळ अफूचे आहे.

ओळखीची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे चीक: पान मोडताच पिवळाधमक चीक पाझरतो. फुले येण्यापूर्वी पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि त्यांच्या शिरांवरील पांढरट पट्टे लांबूनही दिसतात. पुढे खोडावर येणारी पाने बिनदेठाची, खोडाला वेढणारी आणि दात्यादात्याला काटा असलेली असतात. जमिनीवर पसरणारी, जांभळ्या फुलांची काटेरिंगणी आणि गोल गेंदांचा उत्कटारा याच जागी वाढतात, पण त्यांना असा चीक नसतो. त्या येथल्याच वनस्पती असल्याने गैरसमजातून त्या उपटल्या जाऊ नयेत.

ही ओळख महत्त्वाची ठरते ती बियांमुळे. काळसर, बारीक बी मोहरीसारखेच दिसते. भिंगाखाली पाहिल्यासच त्यावरील जाळीदार नक्षी आणि मोहरीचा तुलनेने गुळगुळीत पृष्ठभाग यांतला फरक स्पष्ट होतो. या बियांच्या तेलातील सँग्विनरीन हे विषारी द्रव्य सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल करते, त्यांतून द्रव बाहेर झिरपतो, पाय सुजतात, धाप लागते आणि हृदयावर ताण येतो. वैद्यकात या विकाराला ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’, म्हणजे साथीने येणारी सूज, म्हणतात. दिल्लीत १९९८ मध्ये भेसळयुक्त मोहरीच्या तेलाने ६०हून अधिक माणसे दगावली, ती याच विकाराने.

गुरे या रोपाला तोंड लावत नाहीत, त्यामुळे ते चरून कमी होत नाही. पिकलेले बोंड टोकाशी उकलून शेकडो बिया सांडते, म्हणून बोंडे धरण्यापूर्वीच, हातमोजे घालून, ते मुळासकट उपटावे लागते. बोंडे धरली असल्यास उपटलेली रोपे उकिरड्यावर टाकू नयेत, अन्यथा खताबरोबर बी थेट शेतात पोहोचते.