घरचे टीव्ही रेकॉर्डिंग : कुठे भरवसा, कुठे दगा
'टाटा स्काय प्लस' हा डीटीएच (छत्रीवरून थेट घरी येणाऱ्या टीव्ही) सेवेचा रेकॉर्डर २००८ मध्ये आला आणि सेट-टॉप बॉक्समध्येच कार्यक्रम साठवता येऊ लागले. बॉक्समधले सॉफ्टवेअर वेळापत्रक पाहून रेकॉर्डिंग सुरू करते. सामना लांबला तर पुढच्या मालिकेचा शेवट कापला जातो. म्हणून पंधरा मिनिटे जास्तीची धरावीत. वीज गेली की मधला भाग गेलाच.

पाऊसही दगा देतो. पुण्यात स्वारगेटच्या गच्च्यांवरच्या डिश छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून असतात, कारण डीटीएचचे उपग्रह पुण्याच्या पूर्वेला, विषुववृत्तावर आहेत. त्यांच्या केयू पट्ट्यातल्या लहरी धो धो पावसात क्षीण होतात. पडद्यावर चौकोन उमटतात आणि हार्ड डिस्कवरही तेच उतरतात. नंतर दुरुस्ती होत नाही. जपून ठेवायच्या मैफलीसाठी हे साधन अपुरेच, कारण रेकॉर्डिंग कुलूपबंद असते : बॉक्स बदलला की ते सहसा उघडत नाही.