पिनकोड ४०१, जिल्हा ठाणे, गाडी एमएच-५८ : ऑनलाइन फॉर्म मीरा-भाईंदरकरांना ‘चूक’ का म्हणू शकतो?

समजा, तुम्ही मीरा रोडला राहता. एखादा ऑनलाइन फॉर्म भरताना ४०११०७ हा पिनकोड टाकला आणि खालच्या रकान्यात आपोआप ‘जिल्हा : पालघर’ असं उमटलं. तुम्ही ते बदलून ‘ठाणे’ केलं, तर लाल अक्षरांत मेसेज आला : पिनकोड आणि जिल्हा जुळत नाही.

चूक तुमची नाही. फॉर्म बनवणाऱ्यानं ‘४०१ म्हणजे पालघर’ असा सोपा नियम लिहिला असेल, तर हे असंच होणार.

भाईंदर पश्चिमचा पिनकोड ४०११०१, पूर्वेचा ४०११०५, मीरा रोडचा ४०११०७. वसई, विरार, पालघर, डहाणू इथलेही पिनकोड ४०१ नेच सुरू होतात. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं. वसईपासून डहाणूपर्यंतचा भाग नव्या पालघर जिल्ह्यात गेला, मीरा-भाईंदर मात्र ठाण्यातच राहिलं. पिनकोड होते तेच राहिले. त्यात लँडलाइनचा कोड मुंबईचा, ०२२. पोलीस आयुक्तालय वसई-विरारसोबत. एका नियमात बसवायला इतकं अवघड शहर शोधून सापडणार नाही.

मुळात पिनकोड जिल्हा ओळखण्यासाठी बनलेलाच नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं, जे संस्कृतचे नावाजलेले कवीही होते. पिनकोडचे पहिले तीन आकडे पत्रांची वर्गवारी कुठे होणार ते सांगतात. तहसीलदार कचेरीशी त्यांचा संबंध नाही.

हे तपासतं कोण?

तुम्ही ‘सबमिट’ दाबण्याआधीच लाल रेघ किंवा हिरवी टिक येते, तेव्हा बहुतेक वेळा ते काम तुमच्या मोबाइलमधला ब्राउझरच करत असतो. वेबसाइट उघडताना पानासोबत काही नियमही डाउनलोड होतात. मोबाइल नंबर दहा आकडी हवा आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू व्हायला हवा. पिनकोड सहा आकडी, पहिला आकडा शून्य नको. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. या तपासणीला ‘क्लायंट-साइड व्हॅलिडेशन’ म्हणतात. क्लायंट म्हणजे तुमचा फोन किंवा कॉम्प्युटर, आणि सर्व्हर म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्याचं यंत्र.

याची सुरुवात सोयीसाठी झाली. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट आली तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून रखडत यायचं. अख्खा फॉर्म पाठवायचा, मिनिटभर थांबायचं आणि मग कळायचं की ईमेलचा रकाना रिकामा राहिला. त्यापेक्षा जागच्या जागी सांगितलेलं बरं. आजही तिचा खरा उपयोग तेवढाच आहे.

आधारचं उदाहरण बघा. बारा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणितानं काढलेला असतो. ‘व्हरहॉफ’ नावाची ही पद्धत आहे. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले, तर हिशेब बिघडतो आणि ब्राउझर लगेच सांगू शकतो. त्यासाठी कुणालाही विचारावं लागत नाही. पण म्हणूनच हिरवी टिक आली याचा अर्थ तो आधार नंबर अस्तित्वात आहे असा होत नाही. डोळे मिटून बारा आकडे टाकले, तरी या गणितात पास होण्याची शक्यता दहात एक असते.

कमल पास, विमल नापास

नावाच्या रकान्यात गंमत होते. खरं तर गंमत नाही, मनस्ताप होतो. ‘फक्त इंग्रजी अक्षरं’ असा नियम असेल तर मराठीत नाव लिहिताच येत नाही. काही डेव्हलपर पुढचा विचार करून ‘कुठल्याही भाषेतलं अक्षर चालेल’ असा नियम लिहितात आणि तिथेही फसतात. कारण युनिकोडमध्ये क, म, ल ही ‘अक्षरं’ आहेत, पण वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही वेगळ्या गटातली ‘चिन्हं’ आहेत. त्या नियमात ‘कमल’ पास होते आणि ‘विमल’ नापास. चिन्हांचा गटही नियमात घेतला की प्रश्न सुटतो. ओळ एकच वाढते, पण ती लिहायला मराठी नाव टाकून बघणारं कुणी तरी लागतं.

उत्तन हा मीरा-भाईंदरचा किनाऱ्यावरचा भाग. तिथे डिसोझा, डिमेलो अशी आडनावं घरोघरी आहेत. इंग्रजीत ती ‘डी’नंतर वर स्वल्पविरामासारखी खूण देऊन लिहिली जातात. अनेक फॉर्म ती खूण नाकारतात. कारण तीच खूण वापरून डेटाबेसला चुकीचा आदेश देण्याचा जुना हल्ला आहे. त्यावरचा खरा उपाय सर्व्हरवर करायचा असतो. माहिती आणि आदेश तिथे वेगळे ठेवले की कुठल्याही आडनावाची भीती उरत नाही. तो न करता खूणच बंद करणं म्हणजे चोराच्या भीतीनं पाहुण्यांनाही दार बंद. मग माणूस खूण गाळून नाव लिहितो, फॉर्म पुढे जातो, आणि पुढे कधी तरी पासपोर्टवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नाही म्हणून तोच माणूस प्रतिज्ञापत्र करत बसतो.

गाड्यांचंही तसंच. मीरा-भाईंदरची वाहनं वर्षानुवर्षं ठाण्याच्या एमएच-०४ वर नोंदली जात होती. २०२५ मध्ये शहराला स्वतःचा एमएच-५८ हा कोड मिळाला. एखाद्या पार्किंग किंवा विमा वेबसाइटच्या पानावर ‘एमएच ०१ ते ५०’ असा जुना नियम गोठवून ठेवलेला असेल, तर नवी कोरी गाडी तिथे ‘अवैध’ ठरेल.

मग नियम असून फसवणूक कशी होते?

कारण ब्राउझर तुमचा आहे. त्यात आलेले नियम तुम्ही वाचू शकता, बदलू शकता, बंदही करू शकता. कॉम्प्युटरवर कुठल्याही पानावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ दाबलं की पानाचं पोट उघडं पडतं. अठरा वर्षं पूर्ण झाली का, हे फोनच्या घड्याळावरून मोजलं जात असेल तर फोनची तारीख पुढे ढकलली की सोळा वर्षांचा मुलगाही सज्ञान होतो. फॉर्म न उघडता थेट सर्व्हरला माहिती पाठवणंही शक्य असतं, तेव्हा तर एकही नियम आडवा येत नाही. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवॅस्प ही संस्था म्हणूनच प्रत्येक माहिती सर्व्हरवर पुन्हा तपासा, असं सांगते. फीची रक्कम, वय, पात्रता यांचा निकाल ब्राउझरवर सोडला, तर बदमाशाला तो सहज चुकवता येतो. त्यात अडकतो तो खरी माहिती भरणारा.

दुसरा धोका थेट तुमच्या खिशाला आहे. व्हॉट्सअॅपवर ‘तुमचं चलन बाकी आहे’ अशी लिंक येते. बनावट पानावर कार्डाचा एक आकडा चुकला की ‘कार्ड नंबर चुकीचा आहे’ असं दिसतं आणि आपल्याला वाटतं, वा, साइट खरी आहे! पण कार्डाच्या नंबरातही आधारसारखंच एक गणित असतं आणि ते कुणालाही करता येतं. बँकेला विचारावं लागत नाही. शिवाय जो कोड टाइप करतानाच तपासतो, तो टाइप केलेलं त्याच क्षणी, ‘सबमिट’ न दाबताही, पाठवू शकतो. त्यामुळे टिक बघू नका, पत्ता बघा. वाहन चलनाच्या सरकारी साइटचा मुख्य पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’वर संपतो.

फॉर्म अडला तर?

आधी साध्या गोष्टी तपासा. फोननं आपोआप भरलेल्या नंबरापुढे +९१ लागलं असेल तर दहाचे तेरा होतात. आधार नंबर मधल्या रिकाम्या जागांसकट पेस्ट केला, तर बारा खुणांची मर्यादा असलेला रकाना शेवटचे दोन आकडे कापतो. कीबोर्ड मराठी असेल तर ९ हा आकडाच नाही, असं ब्राउझर म्हणू शकतो. इंग्रजी आकडे टाकून बघा.

तरीही अडलं, तर शेजारचा पिनकोड किंवा खोटा जिल्हा टाकून पुढे जाऊ नका. अर्ज दुसऱ्याच कार्यालयाच्या यादीत जाऊ शकतो आणि कागदपत्रांशी मेळ बसला नाही की नाकारलाही जाऊ शकतो. लाल मेसेज, पानाचा पत्ता आणि तुम्ही भरलेली माहिती दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, तारीख लिहून ठेवा आणि हेल्पडेस्कला पाठवा. राज्य सरकारच्या सेवेबद्दल असेल तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. शेवटची तारीख जवळ असेल तर हे त्याच दिवशी करा, म्हणजे मुदतीत प्रयत्न केल्याचा पुरावा हाताशी राहील. स्क्रीनशॉट सोशल मीडियावर टाकणार असाल, तर आधार आणि मोबाइल नंबर आधी झाकून घ्या.